पोरीनं मान वळवली

हसाल तुम्ही, पण माझी पोरगीच माझ्यापासून तोंड फिरवायची. पापा घ्यायला गेले की मान वळवायची. पडेगावात आम्ही नवे, हे कामावर गेले की दिवसभर मी अन् ती. तिला दात येईनात म्हणून मी सोमवार-गुरुवार निरंकार उपास धरलेले, पाण्याचा थेंबसुद्धा नाय. वाटायचं, हिला मी आवडतच नाही.

शेवटी ह्यांना विचारलं. खाली बघत म्हणाले, "तुझ्या तोंडाचा लई वास येतो."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "दात चांगलेत. तोंड कोरडं पडतंय, त्याचा वास आहे. उपासालाही पाणी पी, रोज जीभ घास, अन् दिवसभर तोंड मिटून बसू नको. बोलत जा."

"कुणाशी?"

त्यांनी मांडीवरच्या पोरीकडं बोट केलं.

"तिला काय कळतंय?"

"बरंच आहे की. उलटून बोलणार नाही."

तेव्हापासून भाकरी थापताना, धुणं धुताना मी तिच्याशी बोलते. आता ती बिनदाताचा पापा देते. परवा माझं बोलणं ऐकून हे दाराबाहेरच थांबले, केस सारखे करून आत आले. "कोण आलंय गं?"

"कुणी नाय," मी म्हटलं. "तुम्ही तरी बसा."