एक वाजेपर्यंतची सासू

इस्पितळात रिपोर्टांच्या खिडकीसमोरची रांग. मध्ये घुसणाऱ्या दोघांना रांगेतल्या एका प्लंबरनं सकाळपासून हाकललं होतं. आता पुढचा चष्मेवाला बाजूला आलेल्या परगावच्या आजीशी बोलत होता, आणि प्लंबरचे कान तिकडेच होते.

“दोन तास औषधांच्या रांगेत उभ्या होतात?”

“पाटी वाचता येत नाही, बाबा. विचारावं तर जो तो पळतोय. रिपोर्ट एकच्या आत नाही दिला, तर आमच्या ह्यांचं उद्याचं ऑपरेशन रद्द.”

“पावणेएक झालाय. माझ्या जागेवर या. मी शेवटी जातो.”

“लोक ओरडतील की.”

“सांगा, जावयानं जागा धरली होती.”

“अरे, मला मुलगीच नाही.”

“मग चांगलंच की. मुलगी नाही, तर भांडण नाही.”

“सासूसाठी जावई रांगेत उभा राहिला, हे कोणाला पटेल का?”

“इथं चौकशी करायला वेळ कोणाला आहे?”

“आणि तुझा रिपोर्ट?”

“एकला खिडकी बंद झाली, तर उद्या परत रजा टाकेन. साहेब काय फासावर देतोय?”

“पुढचा,” खिडकीतून आवाज आला.

आजीनं चिठ्ठी आत सरकवली. मिळालेलं पाकीट छातीशी धरून ती वळली.

“तुझ्या आईला सांग, पोरगं चांगलं वाढवलंस म्हणून.”

“सांगतो. आता पळा, वरती वाट बघत असतील.”

आजी जिन्याकडे गेली. चष्मेवाला रांगेच्या शेवटाकडे निघाला, तसा प्लंबर एक पाऊल मागे सरला.

“ओ जावईबापू, तिकडे कुठं? या, माझ्यापुढे उभे राहा. मागून कोणी तोंड उघडलं, तर मी बघतो.”