बुधवारचा उपास

रहाटणीत गिरणीपुढे डबे रांगेला लावून आम्ही थांबलो होतो. माझ्या पुढे नऊवारीतल्या एक आजी आणि त्यांच्या शेजारची तनुजा.

"आजी, सूनबाईंनी चॉकलेटचे लाडू केलेत म्हणे."

"केलं की. गॅस पेटवला न्हाई, तूप न्हाई, दुधाचा थेंब न्हाई. गोठ्यात दोन म्हशी हायती, आन् ही म्हणती, आत्या, ते दूध रेडकाचं. मी त्या लाडवाला हातबी लावला न्हाई."

"मग घातलं काय त्यात?"

"खजूर, दाण्याचं कूट, खोबरं, आन् ती कोकोची पावडर. मळायचं, वळायचं, फ्रीजात ठिवायचं."

"वाईट वाटलं असेल तिला."

"वाटलं असंल. चार दिस डबा तसाच पडून. मग आली संकष्टी. चंद्र काय उगवंना, पोटात कावळं वरडाय लागलं. फ्रीज उघडला आन् म्हनलं, खजूर उपासाला चालतो, दाणं चालत्यात, खोबरं चालतं."

"आणि कोको?"

"सुनंला इचारलं, ह्ये कुठं उगवतं? म्हणली, झाडाला. झाडाला लागतं म्हंजी फळच की."

"किती खाल्ले?"

"चंद्र दिसस्तवर पाच."

"म्हणजे सूनबाई खूश."

"ती खूश. पर आमचं मालक बिघडलं. जन्मात कधी उपास धरला न्हाई, आन् काल सकाळी मला इचारत्यात, आज कसला उपास हाय?"

"काल तर बुधवार होता."

"व्हय."

"मग काय सांगितलंत?"

"बुधवारचा, म्हनलं. मलाबी खायचं व्हतं."