साबणाच्या पाण्यावरचं अळू

पाणी स्वच्छ होतं हो! आधी एवढं ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. कारण आमच्या महाराष्ट्र मंडळात ही गोष्ट जो तो आपापली फोडणी घालून सांगतो, आणि सांगून झालं की सगळे माझ्याकडे असे बघतात, जसा काही मी दुबईला विष पाजायलाच आलोय... अहो, मी पर्यावरण अधिकारी! इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या साबणाच्या फॅक्टरीत सांडपाणी साफ करणं हेच माझं काम. टाकीत येतं फेसाळ, पांढरं, बघवत नाही असं. आणि पलीकडून निघतं ते इतकं नितळ, की पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भरून आलं. चेष्टा नाही, खरंच भरून आलं!

पण असं पाणी सोडायलाही परमिट लागतं, आणि परमिटात अट काय? पाणी फक्त झाडांना. खायच्या कशालाही नाही. आणि झाडांवर काय परिणाम होतो ते बघायला दर तिमाहीला इन्स्पेक्टर येणार, फोटो काढणार. झाडं हिरवी, तर परमिट चालू. झाडं मेली, तर व्हॉल्व्ह बंद, फॅक्टरी बंद, माझा व्हिसा खलास... आणि घरात मुलगी श्रिया दहावीला!

आता झाडं म्हणजे खजूर. पण तुम्हाला सांगतो, ओली माती नुसती पडलेली आमच्या शोभनाला बघवते का? फॅमिली डेला आली, पाइपाच्या तोंडाशी चिखल बघितला, आणि पुढच्या सुट्टीत अलिबागहून येताना बॅगेत पापडांच्या खाली अळूचे कंद! मी म्हटलं, "अगं, कस्टमवाले..." "तुमचं आपलं काहीतरीच!" खजुराच्या सावलीत लावले, आणि काय तरारलं म्हणता! वाळवंटात, हो! सुपाएवढाली पानं! आमचे इन्स्पेक्टर इद्रिससाहेब, सुदानचे, ताडमाड उंच, कधी हसत नाहीत. ते सुद्धा विरघळले. "मिस्टर सुजीत, व्हॉट इज धिस ब्यूटिफुल प्लांट?" मी म्हटलं, "डेकोरेटिव्ह, सर." मग? नाहीये का डेकोरेटिव्ह? ताटात वडी काय सुरेख दिसते!

हो, खायचो आम्ही. दर शुक्रवारी. चिंच-गूळ लावून, उकडून, कापून, तळून, कुरकुरीत... पाणी स्वच्छ होतं हो! रोज मीच तपासत होतो!

तर दोन हजार तीन साल. गणपती बसले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, ठाऊक आहे ना? भाजी कशी, माणसाच्या हातानं पिकलेली हवी. मंडळातल्या बायकांची आमच्या हॉलमध्ये मीटिंग. "सुपरमार्केटातलं अळू पुण्याहून येतं. तिथे नांगराला बैल असला तर?" मी आतून म्हटलं, "अहो, ते विमानानं येतं!" "विमान काय शेत नांगरतं, भावोजी?" घ्या! आमच्या ऑफिसात इतकी कडक तपासणी होत नाही! आणि मग आमची शोभना, अगदी शांतपणे, "बैलाचं तोंडसुद्धा न पाहिलेलं अळू माझ्याकडे आहे."

झालं! मी नमुने घेऊन लॅबमध्ये, आणि इकडे गाड्या भरून बायका फॅक्टरीच्या गेटवर. गेटवर आमचा वॉचमन राजन, बिचारा भला माणूस. "मॅडम, साब को पूछा?" "साब हमको पूछते हैं!" यल्ला, चला, सुऱ्या बाहेर! एक पान ठेवलं नाही हो. मला वाटलं होतं, चार पानं नेतील. सगळं गेलं हे मला कधी कळलं? दुसऱ्या दिवशी, जेवताना. भाजी इतकी अप्रतिम झाली होती की मी परत परत वाढून घेतली, आणि मग विचारलं, "एवढं अळू कुठलं गं?"

"आपलंच की, सगळं कापलं!" मी ताटावरून उठलोच. कारण इद्रिससाहेब उद्या येणार होते. आणि उद्या परमिट रिन्यूअल!

आले. हातात मागच्या वेळचा फोटो, हिरवागार. समोर खजुराखाली अळूचे नुसते बुंधे. "मिस्टर सुजीत... व्हेअर इज द ग्रीन?" आता बघा हं माझी अवस्था. झाडं मेली म्हणावं, तर पाणी विषारी. माणसांनी खाल्ली म्हणावं, तर अटीचा भंग. दोन्हीकडून व्हॉल्व्ह बंद! तेवढ्यात आमचे जनरल मॅनेजर गुणवंतभाई मध्ये पडले. "सर, ऊंट! ऊंट खा गया! कॅमल, सर!" इद्रिससाहेब उकिडवे बसले, बुंध्यावरून बोट फिरवलं. सगळे कसे एकसारखे, तिरपे, सफाईनं कापलेले. वर बघून म्हणाले, "कॅमल... विथ नाइफ?"

मग मी म्हटलं, मरू दे. खरं सांगून टाकलं. "सर, वुई एट इट." "हू, वुई?" "माय वाइफ. मी. माय डॉटर. अँड... एंटायर मंडळ." साहेब मटकन खाली बसले, तिथेच, पाइपावर. "सिन्स व्हेन?" "फोर इयर्स, सर." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एखादं झाड न्याहाळावं तसं. "अँड यू आर... ओके?" म्हटलं, "अल्हम्दुलिल्ला!" दुसरं काय म्हणणार?

घरी आलो तर श्रिया, "बाबा, यू गाइज एट द एव्हिडन्स!" शाळेत हेच शिकवतात.

साहेब भले. परमिट रद्द केलं नाही, अडकवून ठेवलं. म्हणाले, उरलेल्या बुंध्यांची तपासणी होईल, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्यांच्या रक्ताचीही. अख्खं मंडळ क्लिनिकमध्ये रांगेत, हो! बायका नट्टापट्टा करून, बाह्या सरसावून, आणि प्रत्येक जण जाता जाता मला, "काय भावोजी, फेस येईल का आता तोंडाला?" मला मात्र झोप नाही. भीती व्हिसाची नव्हती, खरं सांगतो. मनात एकच, चार वर्षं मी माझ्या पोरीला काय खायला घातलं?

रिपोर्ट आले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, शोभनालाही. शिसं नाही. पारा नाही. कोणाच्याच रक्तात काही नाही. पाणी स्वच्छ होतं हो! मी तिथेच डोळे पुसले, लाज नाही वाटली. परमिट रिन्यू, फक्त अळूला कुंपण आणि चार भाषांत पाटी, खाऊ नये. मी उठलो, तर साहेब म्हणाले, "वन मिनिट." माझ्या रिपोर्टवर बोट ठेवलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा हसले! "मिस्टर सुजीत, वॉटर, नो इफेक्ट. ऑइल... व्हेरी बिग इफेक्ट." कोलेस्टेरॉल! पार लाल रेघेच्या वर!

शोभनानं तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तेव्हापासून सुपरमार्केटचं अळू, आणि वड्या नुसत्या उकडलेल्या. गुणवंतभाईंच्या फॅक्टरीचं परमिट दर तीन वर्षांनी रिन्यू होतं. माझ्या तळलेल्या वड्यांचं शोभनाकडे आहे, आणि तिच्या ऑफिसात अर्जच घेत नाहीत.