गेममधले रोही

त्या दिवसापासून मी बाबाले कोणताच गेम दाखवत नाही, बाप्पा. मी ऑनलाइन गेम बनवतो, हे तुमाले माहीत आहे. त्यात नवीन स्किल टाकलं होतं, रोह्याची, म्हणजे नीलगाईची, शिकार करून कातडं सोलायचं. गावी अनसिंगले घरी गेलो, त रोह्यांच्या कळपानं आमची अर्धी तूर खाल्लेली. म्हटलं, बाबा, इथं तरी राग काढा.

बाबानं मोबाइलवर एक रोही मारला, कातडं सोललं अन् हासले. दुसरा मारला. दहावा मारून थांबले.

"काहून रे, हे सरूनच नाही राह्यले?"

"एक मेला का पाच मिनिटात नवा येते. मीच तसं बनवलं."

बाबानं मोबाइल खाली ठेवला.

"रोह्यांपायी जलमभर देवाले शिव्या देल्ल्या," ते म्हणाले, "अन् इथं त माहा पोरगाच सोडून राह्यला."