जागा सोडू नका

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "बाई बुधवारी वारली, मग गुरुवारी तिला खोली मंजूर होतेच कशी?" होते! आमच्याकडे तश्शीच होते! तुम्हाला सांगतो, बेघरांना खोल्या देणाऱ्या कचेरीत नऊ वर्षं काढली मी. खोल्या किती? अकरा. यादीत नावं किती? तीनशे चाळीस! अहो, खोली म्हणजे काय कपाट आहे, माणसं दाबून दार लावायला?

बरं, यादीत टिकायचं तर नियम काय, तपासनीस तीनदा येणार, न सांगता येणार, आणि तिन्ही वेळा माणूस नोंदवलेल्या जागेवरच सापडला पाहिजे. नाही सापडला, नावावर काट! म्हणजे ज्याला घर नाही, त्यानं घर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही! हा नियम ज्यानं काढला त्याला एकदा... जाऊ दे, मी पगारी माणूस. मी आपला दिसेल त्याला सांगत सुटतो, "जागा सोडू नका."

मावशींनाही तेच सांगितलं. मावशी म्हणजे बंद छापखान्याची तिसरी पायरी, तीच त्यांची नोंदवलेली जागा. कारखान्यात काजं-बटणं करण्यात हयात गेलेली बाई, जीभ अशी तिखट! मी दिसलो की, "आले का जावईबापू! आणली का किल्ली? नाही? मग तोंड दाखवायला आलास होय?" आणि दर खेपेला एकच प्रश्न, "दाराला आतून कडी आहे ना रे?" पलंग नको, पंखा नको, कडी! इतकी वर्षं उघड्यावर झोपलेली बाई दुसरं काय विचारणार, तुम्हीच सांगा. मी म्हणायचो, "आहे हो मावशी. आणि खाली एक नर्सताई असते, गोळ्यांची आठवण करते, दोन शब्द बोलते." "बोलायला मी आहे की! तू कडीचं बघ." आणि निघताना माझं पालुपद, "मावशी, जागा सोडू नका."

जीभ झडली असती तर बरं!

थंडीत ताप चढला, बाई नुसती फणफणली. वरच्या पायरीवर छत्र्या दुरुस्त करणारे काका असतात, तेही तिथंच राहणारे, त्यांनी रविवारी रुग्णवाहिका बोलावली. बाई चढेचना! "जावईबापूंनी सांगितलंय जागा सोडू नका. दोन तपासण्या झाल्यात, तिसरी राहिलीय." ड्रायव्हर हात जोडतोय, "आजी, जीव जाईल!" "जाऊ दे, नंबर जायला नको!" गाडी रिकामी परत! सोमवारी पुन्हा आली, तेव्हा काका म्हणाले, "मावशी, तुमच्या जागेवर मी बसतो. कुणी आलं तर मीच मावशी." तेव्हा कुठं गेली. आणि जाताना स्ट्रेचरवरून काकांना दम काय भरला माहितेय? "जागा सोडू नका हं!"

माझं वाक्य हो... माझं!

मंगळवारी तपासनीस हजर! काका डोक्यावरून मावशींचं पांघरूण घेऊन, मिशीसकट आत. "मावशी आहेत का?" आतून बारीक आवाज, "आहे बाबा, जागेवरच आहे!" यानं पांघरुणाला विचारलं, पांघरुणानं उत्तर दिलं, यानं कागदावर खूण केली आणि चालता झाला! चार वर्षं रखडलेलं काम दोन दिवसांत! खोली मंजूर! मी आधी जाऊन स्वतः कडी लावून बघितली, जरा घट्ट बसत होती, तेल घातलं. म्हातारीचे हात, कशाला जोर लावायला लागावा? आणि शुक्रवारी सकाळी किल्ली नाचवत निघालो, लांबूनच पांघरूण दिसलं, ओरडलो, "सासूबाई, जावई आला हो!"

पांघरूण बाजूला झालं... आत काका.

"बुधवारी गेल्या," म्हणाले. "इस्पितळातून निरोप आला. पण खोलीचं काय झालं ते कळल्याशिवाय उठू कसा? शब्द दिलाय ना."

रडलो हो मी. भर रस्त्यात, किल्ली मुठीत धरून, लहान पोरासारखा रडलो. एका वाक्यानं बाई मारली मी, आणि ते वाक्यसुद्धा नियमात बसणारं!

खोली? ती नंतर यादीतल्या पुढच्याला गेली. आणि काकांचं नाव यादीतच नव्हतं! "मिळतंय कुठं," म्हणून त्यांनी कधी घातलंच नव्हतं. मी तिथंच फॉर्म काढला, डोळे पुसत भरला. मावशी वजा, काका जमा, यादी पुन्हा तीनशे चाळीस. काकांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" काय सांगू? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि छत्रीची काडी सरळ करत म्हणाले, "कळलं. जागा सोडायची नाही."

मावशींचं पांघरूण नीट घडी केलं आणि उठून आपल्या वरच्या पायरीवर जायला निघाले. आणि तुम्हाला सांगतो, ही माझी मेली जीभ... मीच ओरडलो, "काका, तिथं नको! फॉर्मवर मी तिसरी पायरी लिहिलीय!"

बसले बिचारे परत.