नेनु म्हणजे मी

अमृतराव : चाल घरी. पडलेल्या उमेदवाराच्या अंगनात निवडून आलेली सरपंच उभी! लोकं हासून राह्यले.

तुळजाबाई : हासू द्या. चार मतानं आली मी, त्यातले दोन हासता हासताच पडले असतीन. सुनयना, अवो सुनयना! मी हाव, तुळजाबाई. बाहीर ये वं.

सुनयना : आले मामी. कापूस वेचायला निघाले होते. बोला. मिरवणुकीतला गुलाल उरला का माझ्यासाठी?

तुळजाबाई : नाही वं. हा कागद उरला. सोमवारी शपथ हाय. पंचायत सेक्रेटरीनं देल्ला. आपलं गाव तेलंगणात, म्हनून सारा तेलुगूत. मले त्यातलं एक अक्षर लागत नाही.

सुनयना : मग मामाजींना सांगा. प्रचारात म्हणत होते ना, सरपंच मीच, बायकोचं फक्त नाव!

अमृतराव : लेडीज सीट निघाली, त्याले मी काय करू? नाव तिचं, काम माहं. समद्या गावात असंच चालते. शपथबी मीच घेतो म्हनलं, तं सेक्रेटरी ऐकाले तयार नाही.

तुळजाबाई : ऐकलं? पांढरा शर्ट शिवून आनला त्याहीनं. माह्या लुगड्याचं कोनी नाव काढत नाही.

सुनयना : मामी, हे शिकवणं काही अवघड नाही. गावात कुणालाही शिकवीन. पण तुम्हाला नाही.

तुळजाबाई : काऊन?

सुनयना : यांनाच विचारा. हँडपंपावर माझ्याबद्दल काय सांगत होते? बेल्लमपल्लीची पोरगी, तेलुगू शाळेत शिकलेली, ती आपली नाही. माझे बाबा तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला होते, पण घरात मराठीच बोलायचो आम्ही. बारा वर्षं झाली मला या गावात. दोन्ही मुलं इथली. आणि तेवढ्या एका बोलण्यानं मी पडले.

अमृतराव : अवं पोरी, विलेक्शन होतं. विलेक्शनात मानूस काहीबी बोलते.

सुनयना : मी नाही बोलले.

तुळजाबाई : मले हे माहीत नव्हतं, सुनयना.

सुनयना : खरं सांगा मामी.

तुळजाबाई : अर्धं माहीत होतं. कानावर आल्तं. पन मतं आपल्याकडं वळून राह्यले म्हनून तोंड मिटून बसली. ते माहं चुकलं, बाई. माफ कर.

अमृतराव : झालं! सरपंच माफी मागून राह्यली. अवं, काही इज्जत ठेव पदाची!

तुळजाबाई : सरपंचानं मागली. आता तुमी मागा.

अमृतराव : मी? इथं? शेजारी पाहून राह्यले.

तुळजाबाई : इथं नाही. हँडपंपावर बोलले ना, तं हँडपंपावरच जा. बाया आता पान्यालेच आल्या असतीन. त्याहीच्यापुढं म्हना, का मी खोटं बोललो. नाहीतं सोमवारी मी शपथ घेत नाही. मंग घाला तो शर्ट, अन् बसा माह्यासंगं नार्नूरच्या बाजारात वांगे विकाले.

अमृतराव : बाजारात? शर्ट खराब होईन ना.

तुळजाबाई : जाता का?

अमृतराव : जाऊन राह्यलो ना! एवढं वरडाले काय झालं? शपथ घेतल्याच्या आंधीच हुकूम सुरू झाले!

सुनयना : मामी, खरंच चालले की ते. हँडपंपाकडेच वळले.

तुळजाबाई : वळू दे. आता पाह्य, टोपी काढली. डोकं खाजवून राह्यले. अन् ती उद्धवरावाची माय पाह्य, घागर ठेवून हासून राह्यली.

सुनयना : अय्यो, कानाला हात लावला मामाजींनी! सगळ्या बायांसमोर!

तुळजाबाई : लगनात माह्या बापापुढंबी एवढे वाकले नव्हते. झालं तुह्या मनासारखं?

सुनयना : द्या तो कागद. म्हणा माझ्यामागून. ‘तुळजाबाई अने नेनु.’

तुळजाबाई : म्हंजे काय वं?

सुनयना : तुळजाबाई नावाची मी. नेनु म्हणजे मी.

तुळजाबाई : पुन्हा सांग.

सुनयना : नेनु. मी.

तुळजाबाई : तीस वर्सं झाले लगनाले. कोनी काही पुसलं का म्हनाचं, आमच्या घरी इचारून सांगतो. आमचे मालक येतीन मंग पाहू. नुसतं ‘मी’ म्हनून कवा कोनापुढं उभी राह्यली नाही. पुढं सांग.

सुनयना : ‘निजमैन विश्वासम, विधेयता.’

तुळजाबाई : विश्वासम! विश्वास तं आपलाच हाय. अन् ते दुसरं?

सुनयना : विधेयता. म्हणजे निष्ठा. अन् निजमैन म्हणजे खरा. शेवटी ‘दैव साक्षिगा प्रमाणम.’ प्रमाणम म्हणजे शपथ.

तुळजाबाई : देवाले साक्षी ठेवून! अवं, निम्मं तं मले येतेच. मंग मी चार दिसापासून जेवन टाकून काऊन बसली होती?

(सोमवारी दुपारी. ग्रामपंचायतीच्या पायरीवर.)

सुनयना : विधेयतापाशी थांबलात मामी, आणि माझा जीव वर आला.

अमृतराव : माहाबी. घरात ऐकून ऐकून मले सारं पाठ झाल्तं. म्हनून मांगून हळूच सांगतलं, तं मंडळ हापिसातून आलेले साहेब म्हनते, ‘चाचा, बाहर बैठो!’ नव्या शर्टात, लोकाईसमोर!

तुळजाबाई : साहेबबी सांगाले लागले. मी म्हनलं, ‘आगंडी सार, नेने चेप्ता.’ थांबा साहेब, मीच सांगते.

सुनयना : हे तर मी शिकवलं नव्हतं!

तुळजाबाई : हे बाजारातलं. गिऱ्हाईक आपल्या मनानं भाव सांगाले लागलं का असंच म्हनते मी.

अमृतराव : अन् खुर्चीवर बसली तं पाय भुईले टेकत नव्हते हिचे.

तुळजाबाई : टेकतीन. उद्या खाली लाकडी पाट ठेवीन. तुमी खुर्चीची काळजी करू नका, वरच्या वाडीतल्या नळाची करा. तिथं पानी काऊन येत नाही, ते पाहून या. साहेब दोन वाजेपर्यंत हायेत, त्याहीले लगेच सांगता येईन.

अमृतराव : आत्ता? उन्हात?

तुळजाबाई : टोपी हाय ना?

अमृतराव : हाय. जातो. ह्या पोरीनं एक दिवस शिकवलं अन् माहं सारं राज्य गेलं.

सुनयना : मामी, एक सांगून ठेवते. पाच वर्षांनी मी परत उभी राहणार. तुमच्याच विरुद्ध.

तुळजाबाई : राह्य ना. चार नाही, चाळीस मतानं पाड. पन तवर मले वाचाचं शिकव. असे कागद येतच राहतीन. पाठ करून किती दिस चालन?

सुनयना : उद्यापासून या. सकाळी.

तुळजाबाई : सकाळी भाजी तोडाची असते वं. दुपारी येते. पाटी हाय का तुह्या घरी?

सुनयना : धाकट्याची आहे. दुपारी तो शाळेत असतो, पाटी घरीच असते.