शॅरन, इव्हॉन आन् मी

(सांगणाऱ्या शैलाताई शुगर लँड, टेक्सास इथं राहतात.)

माझं मराठी ऐकून हसू नका. ते माझ्या आईचं हाय, कोल्हापूरकडचं, आन् मी लहान असताना तिच्यासंगं लंडनला गेलं ते तिथंच थांबलं, पुढं वाढलंच न्हाई. इथं सगळी पुण्यामुंबईची शिकलेली माणसं, ती म्हणतात, शैलामावशी, अमेरिकेत राहून तुम्ही अशा गावाकडच्या कशा बोलता. आता काय सांगू तुम्हाला. वडील दक्षिण लंडनात बसच्या डेपोत मेकॅनिक व्हते, आन् आमच्या गल्लीत आमचं एकच घर मराठी, बाकी सगळी जमैकाहून आलेली माणसं.

शॅरन माझ्या वर्गात, इव्हॉन तिची चुलतबहीण, दोघी चर्चमध्ये गायच्या. मी त्यांच्या जिन्यात बसून ऐकायची. एकदा मी आपला मधेच सूर लावला तर शॅरन म्हणाली, थांब, परत म्हण. तिथनं आम्ही तिघी झालो. वरचा सूर शॅरनचा, खालचा इव्हॉनचा, मधला माझा. तवा तिकडं रेगेचे, म्हणजे जमैकाच्या गाण्यांचे, दिवस व्हते, शनिवारी हॉलमध्ये कपाटाएवढे स्पीकर लावायचे, खर्जातला बास वाजला की इथं, छातीत, धडधडायचं, आन् आम्ही शाळकरी पोरी त्यावर प्रेमाची गाणी म्हणायचो, प्रेमातलं काय कळत व्हतं म्हणा. शॅरनच्या आईनं तिघींना एकसारखे पिवळे फ्रॉक शिवले. आमच्या आईला सगळं ठाऊक, वडलांना वाटायचं मी शिवणक्लासला जाते. मग एकानं आमची रेकॉर्ड काढली आन् ती दुकानात लागली तवा वडलांना कळलं. ओरडले न्हाईत. सगळी ऐकली आन् म्हणाले, चांगलं हाय, पण तुझ्या लग्नाचं अवघड करून ठेवलंस.

आन् त्यातच टीव्हीवरनं बोलावणं आलं. शॅरनला रक्ताचा आजार, सिकल सेल, थंडीत तिची हाडं अशी दुखायची की पोरगी गादी चावायची. नेमकी तवाच ती हॉस्पिटलात. रेकॉर्ड काढणारा तोच आमचा मॅनेजर, तो म्हणाला, दुसरी पोरगी आणतो, शॅरनचा फ्रॉक तिला घाला, लांबून कुणाला कळतंय. इव्हॉन म्हणाली, तो फ्रॉक घरातनं बाहेर निघायचा न्हाई. मीपण म्हणाले, न्हाई. शॅरन आमच्यावरच चिडली, मूर्ख हायसा का तुम्ही, जा की, मी इथनं बघीन. न्हाई गेलो. परत कुणी बोलावलं न्हाई. शॅरन त्या वेळेला वाचली पण दम गेला तिचा, दोन ओळी म्हटल्या की बसायची.

मग माझं लग्न झालं. हे इथं ह्यूस्टनला रिफायनरीत इंजिनिअर. माणूस चांगला, कधी हात उचलला न्हाई, आवाज चढवला न्हाई. लग्नाआधी एवढंच म्हणाले, ते गाणं तिकडंच राहू दे. रागानं न्हाई, दार लावून घे म्हणावं तसं म्हणाले. मीपण लावून घेतलं. शॅरन गेली तवा मी पोटुशी व्हते, विमानात बसायला डॉक्टर न्हाई म्हणाले. पुढं शाळेच्या कॅफेटेरियात कामाला लागले, पोरं वाढली, आपापल्या गावी गेली. इव्हॉन तेवढी रविवारी फोन करायची. गाणं काढायची न्हाई ती, पण बोलून झालं की नुसतं गुणगुणायची, मी इकडनं माझा सूर धरायची, दोघींना ऐकू यायची ती तिसरी.

या हिवाळ्यात इव्हॉनपण गेली. एकाएकी, झटक्यानं. यांचं एक दिवसाआड डायलिसिस, शुगरनं डोळे गेलेले, यांना सोडून कशी जाणार. तिची लेक म्हणाली, आंटी, चर्चमधला अंत्यविधी कॉम्प्युटरवर बघा. यांना खुर्चीत बसवलं आन् शेजारी लावलं. चर्च भरलं व्हतं. पडद्यावर त्यांनी आम्हा तिघींचा फोटो मोठा करून लावला, आन् माझ्या तोंडातनं आवाज निघाला तसं यांनी विचारलं, काय हाय गं समोर? मी सांगितलं. यांनी विचारलं, तू कशी दिसतीस त्यात? मी म्हणाले, बारीक हाय, दोन वेण्या हायेत, हसतीय.  मग हे म्हणाले, मला दाखवायचास की आधी.

 लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. तिकडं लोक गायला उठले, इकडं यांच्या गोळीची वेळ झाली, मी पाणी आणायला उठले.

नंतर गाडीत एकटी असताना म्हणून बघितलं. मधला सूर एकटा म्हटला तर त्याचं गाणं होत न्हाई, बाई काहीतरी पुटपुटतीय असं वाटतं. आता म्हणत न्हाई. यांचं बघायचं, स्वयंपाक करायचा, झोपायचं. चाललंय.

तुमची लेक मैत्रिणींसंगं गाते म्हणालात ना मघाशी. गाऊ द्या तिला. आन् तिच्यासंगं गाणाऱ्या पोरी हायेत ना, त्यांना देव भरपूर आयुष्य देवो.